पेनले एक, माझ्यातला

लाल शाई पाहिली की आजकाल माझं डोकं फिरतं. तुम्ही म्हणाल, अहो बाई, तुम्ही गणिताच्या मास्तरीण, जन्मभर लाल शाईवर तुमचा भात शिजला, आता तिच्यावर राग कशाला? अहो, म्हणून तर राग! दुसऱ्याच्या हातातली लाल शाई मला लगेच दिसली. स्वतःच्या हातातली दिसायला मात्र दोन वर्षं लागली, आणि तीही एका पोरीनं दाखवली तेव्हा.

मी आरमोरीकडची. घरी धानाची शेती, बाप दिवसभर बांधीतल्या चिखलात. नोकरी लागली ती गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलात, एका आश्रमशाळेत. बदली मागू, बदली मागू म्हणत तिथेच राहिले. शाळा आठवीपर्यंतच. आठवी झाली की लेकरांपुढे दोनच वाटा: दूरच्या एखाद्या निवासी शाळेत नंबर लागला तर ती, नाहीतर घर. पोरींच्या बाबतीत तर बहुतेक घरच. मी सांगतेय ती अशाच एका पोरीच्या नववीच्या जागेची गोष्ट आहे.

ती पोरगी ज्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, तिथून आठवीनंतर एकही मुलगी पुढे शिकलेली नव्हती. टोला केवढा? एकोणीस चुली. शाळेपासून जंगलातून दोन तास पायी. घरात गोंडी, मराठी शिकली ती आमच्या शाळेत येऊन, तीही आमच्या झाडीपट्टीतली, मले-तुलेवाली. स्वभावानं गप्प. विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर खिडकीबाहेर.

सहावीत असताना मी वर्गाला एक गणित घातलं. शहात्तर लाडू एकोणीस मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती आणि उरले किती? साधा भागाकार. वह्या तपासायला घेतल्या आणि हिच्या वहीत हे निघालं:

३ १६
३ + १६ = १९
प्रत्येकी ४. बाकी नाई.
पेनले १ माझ्यातला.

मी कपाळाला हात लावला. शहात्तर लिहायचे तर ही तीनशे सोळा लिहिते! मग तीन आणि सोळाची बेरीज काय म्हणून करते? आणि एवढं सगळं उलटंपालटं करून उत्तर चार कसं काय बरोबर येतं? माझ्या डोक्यानं लगेच निकाल दिला: शेजारणीचं पाहिलं. मी लाल रेघ मारली, वरून खालपर्यंत, आणि खाली लिहिलं, 'वेंधळी.' एका बारक्या पोरीच्या वहीत हा शब्द लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे आज आठवलं तरी मला माझाच राग येतो.

शेवटची ओळ तर मला वेगळीच वाटली. पेनले एक. म्हणजे हिला पेन पाहिजे असणार, मागायची लाज वाटते म्हणून गणितातच लिहून टाकलं. मी आपली उदार झाले! टेबलाच्या खणातून निळ्या टोपणाचा एक पेन काढला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "हे घे. पेन मागायचा असला की तोंडानं मागायचा. गणितात नाही लिहायचं." तिनं पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घेतला.

उन्हाळ्यात आम्हाला पालकभेटीला टोल्याटोल्यांवर जावं लागतं. सुटीत पोरं गळू नयेत, पुन्हा शाळेत यावीत, म्हणून समजावायचं. तिच्या टोल्यावर पोचले तेव्हा सकाळच होती, पण ऊन चांगलंच लागून राह्यलं होतं. टोल्याच्या तोंडाशी ऐनाचं एक मोठं झाड आहे. त्याखाली दगडात त्यांचा देव. जोहार करायला वाकले, तर काय दिसावं? दगडापुढे माझा पेन! निळ्या टोपणाचा, उभा, मातीत नीट रोवलेला.

मी पोरीला हाक मारली. "काय गं, मी तुला लिहायला दिला होता ना? इथं काऊन रोवला?"

ती म्हणाली, "तुम्ही पेनले दिला नं बाई. मी पेनले ठेवला."

गोंडीत देवाला पेन म्हणतात. इतकी वर्षं या लेकरांमध्ये राहून हा शब्द मला माहीत नव्हता का? होता. कानावरून हजारदा गेला होता. पण वहीतल्या गणितात देव येईल, हे मास्तरणीच्या डोक्यात येईल कुठून!

त्या दिवशी टोल्यावर आंबे वाटायचे होते. गावठाणातली तीन-चार झाडं कोणाच्याच मालकीची नाहीत, सगळ्या चुलींची आहेत. आंबे उतरवले की ते वाटायचं काम त्या पोरीच्या आईकडं. मला बसायला खाट टाकली आणि आईनं काम सुरू केलं. वीस-वीस आंब्यांचे ढीग घातले. पाच ढीग झाले, आणि चौदा आंबे सुटे राहिले. ती ढिगांकडे पाहून गोंडीत काहीतरी बोलली. पोरीनं मला सांगितलं, "माय म्हनते, पाच विसा न चौदा. सहा-सहा येते. बाकी नाई उरत."

एकही आंबा अजून कोणाच्या पदरात पडला नव्हता. मी मनात एकशेचौदा भागिले एकोणीस करायला लागले. एकोणीस सक एकशेचौदा. बरोबर सहा! मी गणिताची बाई, आणि माझ्याआधी या बाईचं उत्तर तयार. मी खाटेवरून उठून खाली मातीत जाऊन बसले. म्हटलं, "तिला विचार, कसं कळलं?"

आईला माझा प्रश्नच कळेना. कसं कळलं म्हणजे काय, दिसतच आहे की! मग तिनं मला दाखवलं, दीड वर्षाच्या लेकराला दाखवावं तसं. एक ढीग घेतला. त्यातला एकेक आंबा एकोणीस चुलींपुढं. ढिगाच्या जागी एक आंबा उरला. दुसरा ढीग, तसंच, पुन्हा एक उरला. पाच ढीग संपले तेव्हा प्रत्येक चुलीपुढं पाच-पाच आंबे होते, आणि ढिगांच्या जागी पाच आंबे बसलेले. हे पाच आणि सुटे चौदा, मिळून एकोणीस. आणखी एक फेरी. सहा-सहा. खलास.

"आणि बाकी उरली तर?" मी विचारलं.

"ते पेनचं," पोरगी म्हणाली.

"आणि नाही उरली तर? पेन उपाशी?"

यावर आई हसली. तिनं स्वतःच्या सहातला एक आंबा उचलला आणि पोरीच्या हाती ऐनाच्या झाडाखाली पाठवला. वाटणारीनं आपल्यातलं द्यायचं, अशी त्यांची रीत. पेनले एक, माझ्यातला.

मी तिथं मातीत बसल्या-बसल्या गार झाले. माझ्या डोळ्यांपुढं ती वही आली. तीन, सोळा. तीनशे सोळा नव्हतेच ते! तीन विसा आणि सोळा. शहात्तरच. तीन ढिगांतून तीन उरले, सुटे सोळा, मिळून एकोणीस, प्रत्येकी चार. बाकी नाही, म्हणून स्वतःच्या चारातला एक देवाला. अक्षर न् अक्षर बरोबर. आणि मी वरून खालपर्यंत लाल रेघ ओढली होती.

आम्ही शाळेत नवाची कसोटी शिकवतो. आकड्यातल्या अंकांची बेरीज करा, नवानं भाग जातो की नाही कळेल. जुन्या लोकांचा नवांचा ताळा तो हाच. एकशेचौदा घ्या, एक अधिक एक अधिक चार, सहा. म्हणजे नऊ घरांत वाटले तर सहा उरणार. मी ही कसोटी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली आणि कोणी 'काऊन' विचारलं तर 'नियम आहे' म्हणून मोकळी झाले. अगं बाई, कसला नियम! दहाच्या ढिगातून नऊ वाटले की एक उरतो. शंभरातून नव्व्याण्णव गेले की एक उरतो. तो उरलेला एक-एक गोळा करायचा, बस. ढीग विसाचे केले की तोच ताळा एकोणिसाचा होतो. साताचे केले तर सहाचा होईल. संख्या तीच राहते. पण दहाच्या ढिगांत एकशेचौदाचं तोंड पाहून एकोणिसाचं काही कळत नाही, आणि विसाच्या ढिगांत पाच-चौदा म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल.

मी त्या आईला खोडी काढावी म्हणून विचारलं, एकवीस चुली झाल्या तर? ती म्हणाली, मग प्रत्येक ढिगात एक कमी पडेल, तो सुट्यांतून भरायचा. चौदातून पाच गेले, नऊ पेनचे. आणि वीस चुली? यावर तिनं मला हातानंच उडवून लावलं. ते तर लेकरूबी वाटते म्हणे.

आता माझी अक्कल पाहा. यात नवल वाटण्यासारखं माझ्या घरात काय कमी होतं? माझा बाप धान खंडीनं मोजायचा. वीस कुडो म्हणजे एक खंडी. आमच्याकडे छपराचे कवेलू घेतले ते कोडीनं, म्हणजे विसानंच. आणि एकोणीस हा शब्द तरी काय आहे? एकानं उणे वीस! माझ्या स्वतःच्या मराठीत विसाचा ढीग बसलेला, आणि मी त्या पोरीला वेंधळी म्हणून मोकळी.

शाळा सुरू झाली तशी मी पेटले. वर्गात चिंचोके आणले, विसाचे ढीग, बाराचे ढीग, साताचे ढीग. तालुक्याला शिक्षकांची सभा होती, तिथं फळ्यावर सगळं करून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी मिरवून घेतलं. त्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. सहावीची ती वही मी कधी परत मागितली नाही, आणि ती लाल रेघ चुकली होती असं त्या पोरीला कधी तोंडानं म्हटलं नाही. मला वाटलं, आता तर मी हिचंच गणित सगळ्यांना शिकवतेय, कळलंच असेल तिला.

ती आठवीला आली. चंद्रपूरला एक निवासी शाळा आहे, नववीपासून शास्त्र शिकवणारी. आमच्या भागातल्या मुलींसाठी तिथं थोड्याच जागा. सकाळी लेखी, दुपारी तोंडी, संध्याकाळच्या आत निकाल. पोरीनं एकदाच सांगितलं होतं, "बाई, तिथी नाव लागलं तर माय पाठवते म्हनते. नाई लागलं तर मामाच्या गावाले सोयरीक पाहून राह्यले." एवढंच. रडली-बिडली नाही. पण मग मी हात धुऊन तिच्या मागे लागले. आणि जायच्या आधी तिला बजावलं, "एकोणिसाचा भागाकार आला तर तुझ्याच रीतीनं कर. लवकर होतो, चुकत नाही." हे मीच सांगितलं होतं, लक्षात ठेवा.

पहाटेची बस धरली. गडचिरोली, मूल, चंद्रपूर. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेले आंबे, आईनं दिलेले. जटपुरा गेटपाशी ऑटो केला, शाळेत पोचलो. लेखी झाली. बाहेर येऊन म्हणाली, "एकोणिसाचं आलं होतं बाई. आंब्याचंच." मी खूश! दोघींनी डबा खाल्ला. दुपारी तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, आणि पाच मिनिटांत परत आली. बाकीच्या पोरी पंधरा-पंधरा मिनिटं आत होत्या.

"काय झालं गं?"

"काई विचारलंच नाई. 'जा' म्हनले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारावर शिपाई होता, तो "बाई, बाई" करत राहिला आणि मी आत. तिघं बसले होते, पण बोलत होते ते मधले परीक्षक, गणिताचे. बाहेरगावचे, शुद्ध भाषेतले, चष्मा कपाळावर. तिची उत्तरपत्रिका पुढ्यातच पडली होती. वर शेऱ्यात लाल शाईनं लिहिलेलं, 'संख्यालेखन येत नाही.' आणि खाली ते गणित, त्याच्यावर रेघ. वरून खालपर्यंत. अगदी माझीच रेघ.

११४ = ५ १४
५ + १४ = १९
प्रत्येकी ५ + १ = ६. बाकी नाई.
पेनले १ माझ्यातला.

"मॅडम, तुम्ही असं आत येऊ शकत नाही," ते म्हणाले.

"आलेय आता," मी म्हटलं. "हे चूक कसं ते सांगा."

ते तसे वाईट नव्हते हो. दमलेले होते. म्हणाले, "अहो, आठवीची मुलगी एकशेचौदा बरोबर पाचशे चौदा लिहिते! सहा हे उत्तर बरोबर आहे, पण कुठून आलं? शेजारच्या मुलीचं बघितलं असणार. आणि वाटायचे होते आंबे, हिनं पेन कुठून आणला? ही थट्टा आहे का?"

माझ्याच डोक्यातले शब्द! दोन वर्षांपूर्वीचे. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला असा संताप आला की टेबलावर हात आपटला. मी सगळं सांगितलं. ढीग, चुली, ऐनाचं झाड, पेन म्हणजे देव. त्यांच्याच पुढ्यातले खडू घेऊन ढीग घातले, वीस खडूही निघेनात तिथं, मग पिनांची डबी ओतली. "सर, तुमच्या हातातल्या घड्याळात साठाचे ढीग आहेत, ते चालतात. डझनात बाराचे चालतात. माझ्या बापाच्या खंडीत विसाचे चालले. या पोरीच्या आईचे काऊन चालत नाहीत?"

ते ऐकत होते. तेवढं मानावं लागेल. मग चष्मा डोळ्यांवर आणत म्हणाले, "मॅडम, मला पटतं तुमचं. पण ही रीत अभ्यासक्रमात नाही. आणि पेपर मला एकट्याला नाही, आणखी दोघांना तपासायचा असतो. थोडंफार एकोणीस-वीस असतं तर मी सोडूनही दिलं असतं."

"अहो एकोणीस-वीसच आहे ते!" मी ओरडले. "एवढा वेळ दुसरं काय सांगतेय मी!"

बाजूचे दोघं हसले. ते मात्र हसले नाहीत. मला वाटतं तेव्हा त्यांना खरंच समजलं. पण समजलं म्हणून काय झालं? शेरा शाईनं लिहिलेला होता. थोडा विचार करून ते म्हणाले, "असं करू. मुलीला बोलवा. याच पाढ्यातलं आणखी एक गणित देतो. सोडवू दे तिला, कशीही."

पोरगी आली. त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, एकशे एकाहत्तर भागिले एकोणीस. माझ्या मनात लगेच ढीग पडले. आठ विसा न अकरा. आठ आणि अकरा, एकोणीस! नऊ-नऊ, बाकी नाही. हिच्यासाठी तर हातचा मळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुझ्या रीतीनं कर. दाखव यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद जवळ ओढला आणि भागाकाराचा कंस घातला. बाहेर एकोणीस, आत एकशे एकाहत्तर. वर नऊ. खाली एकशे एकाहत्तर. रेघ. शून्य. भागाकार नऊ, बाकी शून्य, खाली दोन रेघा. पुस्तकात छापतात तसं.

"व्वा!" परीक्षक म्हणाले. "येतं की हिला!" मग त्यांनी दोन-तीन इतर प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली. तिघांनी आपसात मान हलवली. जुना शेरा त्यांनी खोडला आणि शेजारी लिहिलं, 'रीत सुधारली. निवड.' मला म्हणाले, "जूनमध्ये घेऊन या मॅडम. नाव घेतलंय."

जागा मिळाली. मला नाचायला हवं होतं. आणि मी फाटकाकडे चालले होते ती धुमसत. रीत सुधारली! काय बिघडलं होतं म्हणून सुधारली? आणि पोरीचाही राग आला, खोटं काऊन बोलू. एवढी मी भांडले, हात आपटला, पिना ओतल्या, आणि हिनं ऐन वेळी कंस घातला! फाटकाजवळ एक कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत मी थांबले आणि बोलायचं नव्हतं ते बोलले. "काऊन गं? मी सांगितलं होतं ना, तुझ्या रीतीनं कर म्हणून? एवढी भांडली मी तुझ्यापायी!"

ती फडकं सोडत होती. डब्यासोबत खाल्ले तेवढे जाऊन दोनच आंबे उरले होते. एक तिनं माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाई, त्याहिले माझं गणित तपासता येत नाई. मले त्याहिचं येते. मंग त्याहिचंच केलं. मले इथी शिकाचं आहे नं."

मग तिनं दुसरा आंबा, तिचा स्वतःचा, उचलला आणि कडुनिंबाच्या बुडाशी ठेवला. हात जोडले.

"हे काय?"

"त्या गणितात बाकी नाई उरली. तिथी लिवलं असतं तर ते पुन्हा रागावले असते. म्हनून इथी ठेवलं."

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. म्हणून मी तो पुन्हा त्या परीक्षकांवरच काढायला गेले. "मोठे गणिताचे परीक्षक! एवढं साधं दिसू नये? सरळ रेघ मारली, वरून खालपर्यंत! विचारायचं तरी एकदा पोरीला, बाई, हे काय लिहिलंस? तोंड नव्हतं का त्यांना?"

ती माझ्याकडे बघत होती. उलट बोलायचं म्हणून नाही, मला समजावावं तशी ती म्हणाली, "त्याहिले विसा येत नाई नं बाई. तुम्हाले बी कुठी येत होतं, सहावीत?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. ती वही, ती रेघ, तो शब्द. मी पेन दिला तेव्हाही ठाऊक होतं की गणित तिचं बरोबर आहे आणि बाईला ते वाचता येत नाही. दोन वर्षं तिनं मला तसंच चालवून घेतलं, जसं आज त्या परीक्षकांना चालवून घेतलं. मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढे दोन शब्द म्हणायला मला चंद्रपूर गाठावं लागलं. ती नुसती हसली.

सहावीतल्या त्या गणितातही बाकी उरली नव्हती. तेव्हाचं पेनचं एक मी रेघ मारून खाल्लं होतं. माझ्या हातात आंबा होता, चांगला पिकलेला, भूकही लागली होती. मी खाली वाकले आणि तो तिच्या आंब्याशेजारी ठेवला. मग आम्ही दोघी गाडी धरायला निघालो.